मुदत संपलेल्या नावाची बोली

मित्रहो, १९९९ च्या नाताळात हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपली ईमेल उघडता येईना. हॉटमेलची मालक मायक्रोसॉफ्ट ही लॉगइनसाठी 'पासपोर्ट डॉट कॉम' हे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, वापरत होती आणि त्याच्या नूतनीकरणाचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले होते. एका प्रोग्रामरच्या ते लक्षात आले. त्याने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले आणि सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या कंपनीचीही तारीख चुकते, हे तर यातून दिसतेच. पण तेव्हा विसरलेल्या नावांवर टपून बसलेला बाजार आजच्याइतका मोठा नव्हता. आज मला बोलायचे आहे ते या बाजाराविषयी, आणि तिथली किंमत कशी ठरते याविषयी.

डोमेन आपण विकत घेतो असे म्हणतो, पण खरे तर ते ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावावर नोंदलेले असते. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची. मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आधी एकदा, आठवडाभर आधी एकदा आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत पुन्हा एकदा रजिस्ट्रारने, म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीने, सूचना पाठवलीच पाहिजे, असा आयकॅन या डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेचा नियम २०१३ पासून लागू आहे. त्यानंतर नाव सोडायचे की ठेवायचे हे ठरवायला रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंतचा अवधी असतो. त्याने नाव सोडले तर पुढचे ३० दिवस फक्त जुन्या मालकालाच ते जादा शुल्क भरून सोडवता येते. मग पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि शेवटी नाव मोकळे होते.

कागदावर हे असे आहे. प्रत्यक्षात चांगले नाव मोकळे होण्याच्या टप्प्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. त्या ४५ दिवसांतच रजिस्ट्रार ते आपल्या किंवा भागीदाराच्या लिलावात ठेवतो आणि जिंकणाऱ्याच्या खात्यात थेट वळवतो. नोंदणी करताना आपण जो करार न वाचता मान्य करतो, त्यात याची परवानगी दिलेली असते.

जी नावे खरोखर मोकळी होतात, त्यांची शर्यत निराळी. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाइन ही कंपनी चालवते. नाव सुटले की त्याच क्षणी शेकडो मागण्या तिच्याकडे येऊन आदळतात. प्रत्येक रजिस्ट्रारला तिथे मोजक्याच जोडण्या मिळतात, म्हणून या धंद्यातल्या कंपन्यांनी शेकड्यांनी रजिस्ट्रार परवाने घेऊन ठेवले. एका परवान्याचे आयकॅनचे वार्षिक शुल्क ४,००० डॉलर, म्हणजे हा खेळ किती भांडवलाचा आहे ते बघा. आपण फक्त बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच ते पकडून देण्याची आगाऊ मागणी, त्यांच्याकडे लावायची. नाव त्यांच्या हाती लागले आणि मागणारे एकाहून जास्त असले, की पुन्हा लिलाव.

आता किंमत. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून घेते तो, कोणालाही माहीत करून घेता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. तो कधी आणि किती वाढू शकतो हे व्हेरिसाइनच्या जाहीर करारांत लिहिलेले आहे. तेच नाव लिलावात शिरले, की विकणाऱ्याला सगळे दिसते आणि घेणाऱ्याला पडद्यावरचा एक आकडा.

बहुतेक ठिकाणी प्रॉक्सी बोलीची पद्धत असते. आपण आपली कमाल रक्कम एकदाच सांगायची, यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा माझी कमाल ८०० डॉलर, समोरच्याची ३००, आणि बोली दहा-दहाने वाढते. मला नाव ३१० ला मिळायला हवे. पण मधेच कोणी तिसरा खाते उघडून ७५० पर्यंत चढला आणि थांबला, तर मी ७६० देतो. वरचे ४५० डॉलर मी एका सावलीशी स्पर्धा करून दिले. आणि त्या तिसऱ्याला माझी कमाल रक्कम आतून दिसत असेल तर?

ही नुसती शंका नाही. २००९ मध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने स्वतःच जाहीर केले, की तिचाच एक कर्मचारी टोपणनावाने २००५ पासून बोली लावत होता. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ५ टक्के लिलावांना त्याची झळ बसली होती. ज्या ग्राहकांना जास्त पैसे मोजावे लागले, त्यांना फरकाची रक्कम व्याजासह परत देऊ केली गेली. कंपनीने हे लपवले नाही, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण चार वर्षे बोलीदारांना ते बाहेरून सिद्ध करता आले नाही, कारण त्यांच्या हातात टोपणनावाखेरीज काहीच नव्हते. आज कित्येक ठिकाणी तेवढेही मिळत नाही. 'बोलीदार १', 'बोलीदार २' असे दर लिलावाला बदलणारे क्रमांक दिसतात. मागच्या दहा लिलावांत मला वर चढवून ऐनवेळी गायब झालेला तोच हा, हे ओळखणार कसे?

माझा एक अनुभव सांगतो, कंपनीचे नाव घेत नाही. एका छोट्या, सोप्या नावासाठी मी ६३० डॉलरपर्यंत गेलो आणि हरलो. समोरच्याने ६४० ला जिंकले. तीन आठवड्यांनी तेच नाव पुन्हा लिलावात. मी विचारले, तर धोरणाप्रमाणे माहिती देता येत नाही असे उत्तर आले. जिंकणाऱ्याने पैसेच भरले नसावेत. दुसऱ्यांदा मला ते २१५ ला मिळाले. पहिला ६४० चा आकडा मात्र झालेल्या विक्रीच्या यादीत तसाच राहिला. उद्या तशाच नावाची किंमत ठरवणारा माणूस तो आकडा बघून ठरवणार, आणि ती विक्री तर झालीच नव्हती!

मोठ्या व्यवहारांचे आकडे आपल्याला कळतात तेही पुष्कळदा अपघाताने. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकले गेले. ते कळले, कारण विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती आणि तिला व्यवहार जाहीर करावा लागला. खाजगी सौद्यांत गुप्ततेचे कलम असले की आकडा तिथेच पुरला जातो. झालेल्या डोमेन विक्रीची नेमबायोसारखी यादी फार कामाची आहे, मी रोज बघतो. पण तिच्यात जे पोहोचते तेवढेच दिसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बोलीदाराची ओळख गुप्त ठेवा, पण त्याचे टोपणनाव सगळ्या लिलावांत एकच ठेवा. लिलावगृहाची संलग्न कंपनी बोली लावत असेल, तर तिच्या नावापुढे तसे लिहा. पैसे जमा झाल्याशिवाय विक्रीची नोंद करू नका, आणि फेरलिलाव असेल तर पहिल्या वेळी काय झाले ते सांगा. यातल्या कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही. हे सगळे त्यांच्या डेटाबेसमध्ये आजच आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ते जुन्या मालकाचे. त्याचे नाव दोन हजार डॉलरला गेले, तरी त्यातला पैसाही सहसा त्याला मिळत नाही, आणि पुष्कळदा लिलाव झाल्याचेही कळत नाही. त्याला येणाऱ्या ईमेलमध्ये 'आपली मुदत संपली आहे' एवढेच असते. 'आपल्या नावावर या क्षणी १,१०० डॉलरची बोली आहे' हे वाक्य त्यात असते, तर कितीतरी जणांनी त्याच दिवशी नूतनीकरण केले असते. अशा वेळी मी जिंकलेले नाव माझ्या हातून जाईल, पैसे परत येतील. दोनदा तसे झाले आहे, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडे. वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्यावर पूर्वी काय होते ते बघा. कोणाचा ट्रेडमार्क असेल तर यूडीआरपीच्या, म्हणजे डोमेनवरचे वाद सोडवण्याच्या आयकॅनच्या पद्धतीच्या, तक्रारीत नाव जाऊ शकते. जुन्या बॅकलिंकच्या, म्हणजे इतर साइटवरून त्या पत्त्याकडे येणाऱ्या दुव्यांच्या, जोरावर गुगलवर चढण्यासाठी नाव घेणार असाल, तर मार्च २०२४ पासून गुगल त्याला स्पॅम धरते. आणि नावाबरोबर काय येते याचा अंदाज कधीच पुरा नसतो. डॉट मोबीच्या व्हूइज सर्व्हरचा, म्हणजे डॉट मोबीने संपणारे नाव कोणाच्या नावावर आहे ते सांगणाऱ्या यंत्रणेचा, जुना पत्ता मुदत संपून सुटला होता. सुरक्षा संशोधकांनी तो २० डॉलरला घेतला, तेव्हा जगभरातल्या लाखाहून जास्त यंत्रणा अजूनही त्यालाच माहिती विचारत होत्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कोणाला आपले स्वतःचे नाव आत्ता तपासायचे असेल, तर आधी ते करू, मुदतीची तारीख मिनिटभरात कळते.