ब्लॅक होलजवळ वेळ थांबतो, पण कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो, गांधीसागरजवळच्या आपल्या रमण सायन्स सेंटरमध्ये तारांगणाचा शो बघून बाहेर पडणारी पोरं हमखास विचारतात, ब्लॅक होलपाशी वेळ थांबतो का हो? मी म्हणतो, कोणाचा ते आधी सांग.

आपल्या आकाशगंगेच्या मधोमध, धनु राशीच्या दिशेला, सुमारे ४० लाख सूर्यांएवढं वजनदार ब्लॅक होल आहे, २०२२ साली त्याचा फोटोही आला. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे बघा, तीच ती दिशा. आता समजा तुमची ताई रेडिओवर बातम्या वाचते आणि ती यानातून तिथं गेली, केंद्रापासून होरायझनच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही त्या सीमेच्या, त्रिज्येच्या सव्वापटीहून किंचित पुढे, इंजिन चालू ठेवून यान एका जागी धरलं, आणि तिथून १०० मेगाहर्ट्झवर बोलतेय. इथं ते स्टेशन तुम्हाला ५० वर लागेल, तिचं दहा मिनिटांचं बुलेटिन वीस मिनिटं चालेल, आवाज जाडा, रेंगाळलेला. ताईला मात्र काहीच वेगळं वाटत नाही, तिची नाडी नेहमीसारखी, उलट आपलंच १०० वरचं स्टेशन तिला २०० वर लागतं आणि आपण सगळे दुप्पट घाईत बोलतोय असं ऐकू येतं. दोघांचीही घड्याळं बरोबर आहेत, हे नीट पटवून घ्या, बाकी सगळं यातूनच येतं.

मग तिनं इंजिन बंद केलं. पडता पडता तिचे शब्द आणखी ताणले जातात, सिग्नल मंदावत जातो, आणि होरायझन ओलांडताना ती जे बोलली ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही, म्हणून लोक म्हणतात ती तिथं थिजली. ती थिजत नाही हो! स्वतःच्या घड्याळानं ती सरळ आत जाते, एवढ्या मोठ्या ब्लॅक होलच्या होरायझनवर तिला धक्कासुद्धा जाणवत नाही, आणि पुढच्या मिनिटभराच्या आत सगळं संपतं. पडताना तिला विश्वाचं अख्खं भविष्य दिसतं असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे, आपलं मोजकंच बोलणं तिच्यापर्यंत पोचतं.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. एस-टू नावाचा तारा या ब्लॅक होलभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी मारतो, मे २०१८ मध्ये तो अगदी जवळून गेला तेव्हा त्याचा प्रकाश आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे ताणलेला, लालसर झालेला चिलीतल्या दुर्बिणींनी टिपला. आता तो परत तिथं येईल २०३४ च्या सुमारास.