सत्ताविसावी ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे निघालात आणि मधेच कुठे आतल्या वाटेला वळलात, तर तांबड्या जमिनीत चिरेखाणी लागतात. लांबून तळं वाटावं असा चौकोनी खड्डा. काठावर उभं राहून बघितलं की समोरच्या भिंतीवर आडव्या रेघा दिसतात, दुरेघी वहीसारख्या. चिरा कापायच्या मशीनच्या पात्याने ओढलेल्या त्या रेघा. एक थर कापून झाला, चिरे टिप्परमध्ये चढले, की मशीन खाली उतरते आणि पुढचा थर सुरू होतो. थर नऊ इंचांचा धरला तर चार थरांत गडी कमरेएवढा खाली जातो. आठ थरांत वरून त्याचं डोकंही दिसत नाही.

या रेघा मोजायला मला एका खाणकामगाराने शिकवलं. मी निवृत्त शाळामास्तर. आमच्याकडे मास्तर निवृत्त झाला की अर्ज लिहून द्यायचं काम आपोआप त्याच्याकडे येतं. काही वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच गेलेले असताना, हा गडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ओट्यावर आला. त्याच्या भावाच्या पायावर खाणीची कड ढासळली होती. म्हणाला, "मास्तर, सायबाला दया येईल असा अर्ज लिवा."

मी लिहिला. गरीब आहे, घरात खाणारी पाच तोंडं आहेत, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. चार ठिकाणी प्रती धाडल्या. दोन कार्यालयांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्याने कळवलं की विषय आमच्या अखत्यारीत नाही. चौथ्या ठिकाणी टेबलामागच्या माणसाने तोंडीच सांगितलं, "तिथं दहा-बारा माणसं कामाला. पन्नासच्या आत माणसं असली की खाणीचा कायदा लागत नाही." मी मान डोलावून बाहेर आलो. तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस मी, पण 'कलम दाखवा' एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

कलम नंतर वाचलं. 1952 च्या खाण कायद्याचं तिसरं कलम. कंकर, मुरूम, जांभा, वाळू, साधी माती, बांधकामाचा दगड, खडी असल्या खाणींना त्या कायद्यातून बऱ्याच अंशी सूट होती. आमची चिरेखाण जांभ्याची, म्हणजे यादीत नावानिशी आली. कौलांसाठी माती काढतात तो खड्डाही आला. पण उघड्या खाणीला सूट हवी असली तर तीन अटी होत्या. खोदकामाची खोली, सगळ्यात उंच जागेपासून सगळ्यात खालच्या जागेपर्यंत, कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नको. कुठल्याही एका दिवशी कामावर पन्नासपेक्षा जास्त माणसं नकोत. आणि स्फोटकं वापरलेली नकोत.

आता या तीन अटींच्या मधे 'आणि' होतं, 'किंवा' नव्हतं. सूट मिळवायला तिन्ही पाळायला हव्यात. त्यांतली एक जरी मोडली तरी सूट गेली आणि कायदा पुरा लागू. माणसं बारा का असेनात, सुरुंगाची एक कांडी का फुटलेली नसेना, खाण सहा मीटरच्या खाली गेली की विषय संपला. मराठीच्या तासाला उभयान्वयी अव्ययं घोकून घेतली मी. एका अव्ययावर माणसाचा पाय अवलंबून असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मग आम्ही दोघं खाणीवर गेलो. गाठी मारलेला दोर मी नेला होता, पण तो हसला आणि म्हणाला, "दोर कशाला? रेघा हायत की." सहा मीटर म्हणजे सुमारे 236 इंच. नऊ इंचांचे सव्वीस थर झाले की 234. सव्वीस ओळींपर्यंत सूट. सत्ताविसावी ओळ पडली की खोली सहा मीटरच्या पुढे जाते, आणि दिल्लीचा कायदा त्या खड्ड्यात उतरतो. काम सुरू केल्याची सूचना खाण निरीक्षकांना द्यायची, अपघात झाला की कळवायचं, कामगारांची वैद्यकीय तपासणी करायची, खाणीच्या बाजू सरळसोट न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी घ्यायच्या. आपल्या चिरेखाणीच्या भिंती कशा असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ओळंबा लावून घ्यावा इतक्या उभ्या. पावसाळ्यात त्यांत पाणी मुरतं आणि पाणी उपसून पुन्हा काम धरलं की कड सुटते.

आणखी एक. सूट असलेल्या खाणीलासुद्धा त्या कायद्याची काही कलमं लागू होतीच. निरीक्षकाला आत जायचा अधिकार होता, आणि अठराच्या आतल्या पोराला कामाला लावायला बंदी होती. 'कायदा लागत नाही' हे वाक्य सव्वीस ओळींच्या आतसुद्धा अर्धंच खरं होतं.

दिल्लीचा कायदा का, असं कुणी विचारेल. दगड तर आपला, बेंगळूरच्या खात्याने पट्टा दिलेला. इथेच तर गोम आहे. गौण खनिजांचे, म्हणजे चिरा, वाळू, खडी असल्यांचे, नियम करायचा अधिकार 1957 च्या खाण आणि खनिज कायद्याच्या पंधराव्या कलमाने राज्याला दिला. कर्नाटकात त्यासाठी 1994 ची नियमावली आहे. पट्टा, रॉयल्टी, दंड हे सगळं त्यात. पण खाणीतल्या मजुरांचं नियमन आणि त्यांची सुरक्षितता हा विषय घटनेच्या केंद्रीय सूचीत आहे, 55 व्या क्रमांकावर. म्हणजे खड्डा एकच, पण त्यातल्या चिऱ्याचा धनी बेंगळूरला आणि चिरा काढणाऱ्याच्या जिवाचा धनी दिल्लीला. हिवाळी अधिवेशनाला सगळं सरकार बेळगावात येतं, सुवर्णसौधाच्या, म्हणजे तिथल्या विधानभवनाच्या, बाजूला आंदोलनांचे मांडव पडतात. रॉयल्टीचं, पट्ट्याचं, रस्त्यावरच्या टिप्परांचं गाऱ्हाणं तिथे जरूर घाला. ढासळलेल्या कडेचं गाऱ्हाणं मात्र तिथे घालून पुढे सरकत नाही. आम्ही चार ठिकाणी प्रती धाडल्या होत्या, त्यांतलं एकही ठिकाण दिल्लीचं नव्हतं.

संसदेत जायला सामान्य माणसाला एक दार आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. लोकसभेची याचिका समिती, पंधरा सदस्यांची. राज्यसभेचीही आहे, दहा जणांची. मंत्र्याला तिच्यावर बसता येत नाही. समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून उलटसुलट विचारते, गरज वाटली तर जागेवर जाऊन बघते आणि सभागृहाला अहवाल देते. तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच धराल. पण शिफारशीवर काय केलं याचं उत्तर खात्याला द्यावं लागतं. आमचा अर्ज गेलेल्या चारांपैकी दोन कार्यालयांना तेवढंही द्यावं लागलं नव्हतं.

याचिकेची रीत ठरलेली आहे. भाषा सभ्य हवी. नाव-पत्ता, सही किंवा अंगठा हवा. शेवटी नेमकं काय मागतो ते सांगणारी विनंती हवी. कोर्टात चालू असलेला विषय चालत नाही, आणि ज्याला कायद्यात दुसरीकडे दाद मागायची सोय आहे तोही नाही. भरपाईसाठी वेगळी यंत्रणा आहे, म्हणून 'अमक्याला भरपाई द्या' एवढंच लिहिलं तर ते परत येणार. 'खोली मोजायची जबाबदारी कुणाची, हे नियमात लिहा' असं मागितलं तर ते सर्वांच्या हिताचं होतं आणि समितीपुढे उभं राहतं.

भाषेचं काय? सीमाभागात हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. घटनेचं 350 वं कलम म्हणतं की गाऱ्हाणं मांडताना केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मराठी अर्ज बघून काउंटरवर कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर शांतपणे हा आकडा सांगा. लोकसभेच्या याचिकेला मात्र हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. आमच्या गावात कॉलेजला जाणारी एक पोरगी आहे, ती हे काम करते. 'कड ढासळली' याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली.

मागणी नेमकी कशी असते ते शेजारी गोव्यात बघा. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथले 88 खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. घाटाखाली पोटापाण्याला गेलेली आपल्याकडची माणसंही घरी परतली. त्या वेळी तिकडून दिल्लीला जी मागणी गेली तिच्यात नुसतं 'आमचं पोट बघा' नव्हतं. पोर्तुगीज काळातल्या खाणसवलतींचे पट्टे करणाऱ्या 1987 च्या कायद्यात दुरुस्ती करा, पट्ट्यांची मुदत 1961 ऐवजी 1987 पासून मोजा, म्हणजे ती 2037 पर्यंत जाईल, असं होतं. कायद्याचं नाव, साल, काय बदलायचं, सगळं. ती मान्य झाली नाही. 2022 च्या अखेरीस पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, आणि ते तसंच व्हायला हवं होतं असं माझं मत आहे. पण मागायचं कसं, हे पट्टेवाल्यांना कळतं. त्यांच्याकडे वकील असतात. चिरेखाणीच्या गड्याकडे मी होतो.

माझ्या हातून सुटलेली एक संधीही सांगतो. खाण कायद्यासह तेरा कामगार कायदे एकत्र करणारं विधेयक 2019 च्या जुलैमध्ये लोकसभेत आलं. ते कामगारविषयक स्थायी समितीकडे गेलं आणि समितीने फेब्रुवारी 2020 मध्ये अहवाल दिला. अशा समित्या लोकांकडून लेखी सूचना घेतात. सहा मीटरच्या अटीबद्दल बोलायचं तर वेळ तीच होती. मी त्या महिन्यांत काय करत होतो? तालुक्याला हेलपाटे घालत होतो. पुढे सुधारलेलं विधेयक सप्टेंबर 2020 मध्ये आलं आणि विरोधकांचा बहिष्कार चालू असताना, आठवड्याच्या आत दोन्ही सभागृहांतून पारही पडलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता, म्हणजे जुने कायदे एकत्र करून केलेला हा नवा कायदा, लागू आहे आणि जांभ्याच्या खाणींची सूट तिच्यातही आहे.

आता संहितेखालच्या नियमांकडे लक्ष ठेवायचं. केंद्राने केलेले नियम संसदेपुढे मांडावे लागतात आणि ते तपासायला वेगळी समिती आहे. खोली कुणी मोजायची, किती महिन्यांनी, आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा की नाही, एवढ्याच गोष्टी आमच्या याचिकेत आहेत. मसुदा दीड पानांचा झालाय. 'दया' हा शब्द त्यात एकदाही नाही. माझा तो गडी मात्र अजून नाराज आहे. म्हणतो, "मास्तर, पयला अर्ज वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. ह्यो कोरडा झाला."

भावाचा पाय वाचला, पण खाणीत उतरण्यासारखा राहिला नाही. तो आता खानापूरला चहाच्या गाड्यावर बसतो. सह्या तिथेच गोळा होताहेत.

परवा रात्री गड्याचा फोन आला. खाणीतलं पाणी उपसलंय, भिंती उघड्या पडल्यात. वरून मोजत तो एकतिसाव्या ओळीपर्यंत आला होता, खाली अजून गाळ होता. उद्या टेप घेऊन जायचं ठरलंय.

नमस्कार.