बुधवार, रात्री आठ

नमस्कार श्रोतेहो. जेवणं झाली असतील. झाली नसतील तर ताटावर बसून ऐका, काही बिघडत नाही. आज रेडिओवरच्या गीतमालेचे निवेदक अमीन सयानी, त्यांच्याबद्दल बोलायचंय.

२० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत अमीनभाई गेले. वय एक्याण्णव. मंगळवार होता. बातमी कानावर आली आणि माझ्या मनात काय आलं असेल? उद्या बुधवार. बस, एवढंच आलं. ज्यांनी गीतमाला ऐकलीय त्यांना हे फोड करून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: बुधवार, रात्री आठ ते नऊ, रेडिओ सिलोन (म्हणजे आजच्या श्रीलंकेतलं केंद्र), बिनाका गीतमाला, हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम. बिनाका म्हणजे तीच टूथपेस्ट, जिच्या खोक्यातून प्लॅस्टिकची चिमुकली जनावरं निघायची. माझ्याकडचा हत्ती अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.

गीतमाला सुरू झाली ती ३ डिसेंबर १९५२ ला. तोही बुधवारच. त्याच वर्षी आपले पुण्याचे बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोक सुया फिरवत फिरवत सिलोनला जाऊन पोचले. केसकरांना आजही नावं ठेवतात, पण शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, आणि गावोगावच्या माणसांना मोठमोठे गवई घरात बसून ऐकायला मिळाले, हेही कुणी तरी सांगायला हवं. मी सांगतो. असो.

तर गीतमाला. आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार, आणि त्यात लिहायचंही, बोलायचंही आणि श्रोत्यांची पत्रंही चाळायची. जुनीजाणती मंडळी नको म्हणाली, म्हणून काम एकोणीस वर्षांच्या पोराकडे, अमीनभाईंकडे, आलं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढं आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून लघुलहरींवर आपल्या घरी परत यायची. मुंबईचा आवाज मुंबईच्याच माणसाला समुद्रापार जाऊन ऐकायला लागायचा!

त्यांची भाषा कुठून आली, तेही ऐका. त्यांच्या आई, कुलसुम सयानी, प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. भाषा एक, साधी हिंदुस्तानी, आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. त्यामागं गांधीजींचा आग्रह होता. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असंच लिहायचं. मुलगा लहानपणापासून त्या कामात हात लावायचा. पुढं हाच मुलगा माइकसमोर बसला आणि 'बहनों और भाइयों' म्हणाला. आधी बहनों, मग भाइयों. लक्षात घ्या, आधी बहनों. आमच्या घरात बायका स्वयंपाकघरातून ऐकायच्या, आणि त्यांना पहिली हाक कुणी मारली असेल तर ती ह्या माणसानं.

गाण्यांचा क्रम ठरायचा तो रेकॉर्डच्या दुकानांतल्या खपावरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या मतांवरून. म्हणजे ऐकणाऱ्याला मत होतं. पुन्हा म्हणतो, ऐकणाऱ्याला मत होतं. हे डोक्यात ठेवा, कारण आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती त्यावरच उभी आहे.

बार्शी तालुक्यातलं आमचं गाव. साल १९७५. मी अकरा वर्षांचा. एसटी स्टँडच्या समोर टेलरमास्तरांचं दुकान, पत्र्याचं. दुकानात ट्रान्झिस्टर, त्याच्या एरियलला तांब्याची तार गुंडाळलेली, ती खिडकीच्या गजावरून पत्र्यावर नेलेली. बुधवारी दुपारी सेल उन्हात वाळत ठेवायचं काम माझं. रात्री मी कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसायचो. तितकी ऊबदार जागा गावात दुसरी नव्हती.

शेजारी अण्णांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि कढई. अण्णांची भजी अशी, की सोलापूरला जाणारी माणसं गाडी चुकवायची. भज्यांच्या पिठात सोडा घालत नसत ते. सोडा घातला की भजी फुगतात आणि तेल पितात. कडकडीत तेलाचं मोहन घालावं, बास. हल्ली कुणी ऐकत नाही.

डिसेंबरात गीतमालेचा वार्षिक कार्यक्रम असायचा. वर्षभरातली गाणी उतरत्या क्रमानं, एकेक पायदान करत, शेवटी सरताज गीत. त्या वर्षी मास्तरांची आणि अण्णांची पैज लागली. अण्णांचा जीव एका हळव्या प्रेमगीतावर. मास्तर म्हणाले, 'औंदा महंगाईचंच गाणं येणार. कापडाचा भाव काय झालाय ते मला इचार.' अण्णा हरले तर हजर असतील त्या सगळ्यांना चहा-भजी. मास्तर हरले तर अण्णांना एक सदरा फुकट, कापडासकट.

कार्यक्रमाला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतले गुरुजी होते, पोस्टमन होते, दोन पैलवान दारातच उभे, त्यामुळे थंडी आत येत नव्हती. एकेक पायदान वर सरकत होतं. अण्णांचं गाणं मधेच कुठं तरी येऊन गेलं. अण्णा गप्प. पण मास्तरांचंही अजून आलं नव्हतं. म्हणजे ते एक तर पहिलं, नाही तर यादीतच नाही! गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं. बिगुल वाजला. अमीनभाईंचा आवाज आला, 'बहनों और भाइयों...' आणि खरखर.

नुसती खरखर. सिलोन असंच जायचं, लाटेसारखं, यायचं आणि जायचं. मास्तरांनी तार ओढली. पोस्टमननी ट्रान्झिस्टर डोक्यावर धरला. एक पैलवान पत्र्यावर चढला आणि तिथून ओरडायला लागला, 'आलं का? आलं का?' नाही आलं. नऊ वाजले.

आता करायचं काय? गावात दुसरा रेडिओ पाटलांचा, पण पाटील नऊला झोपायचे. उद्याच्या पेपरात असलं काही छापून येत नसे. तेवढ्यात गुरुजींना सुचलं: मुक्कामी गाडी! बार्शीहून सुटणारी शेवटची एसटी, आमच्या गावात मुक्कामाला. तिचे कंडक्टर गीतमालेचे पक्के. बार्शी स्टँडच्या कँटीनमध्ये कार्यक्रम संपेपर्यंत ऐकायचे आणि मगच घंटी मारायचे.

सगळं दुकान स्टँडवर. साधारण दहाला वळणावर दिवे दिसले. गाडी थांबते न थांबते तोच मास्तरांनी खालून हाळी दिली, 'कोन आलं वो पयलं?' कंडक्टरनी दार ढकललं, पायरीवर उभे राहिले, आणि हात वर करून एवढ्या मोठ्यानं ओरडले, 'महंगाई मार गई!'

मास्तरांनी टोपी हवेत उडवली. आणि गाडीतून आवाज आला, म्हातारीचा. 'आता गं बया! परत वाढलं का तिकीट?'

आजी लेकीकडून आल्या होत्या. मांडीवर गाठोडं, हात कनवटीला गच्च. 'म्या बार्शीतच पैसं दिल्यात. आता एक पैसा द्यायची न्हाई.' कंडक्टर हात जोडून म्हणाले, 'आजी, तिकीट न्हाई वाढलं. गाणं हाय त्ये.' आजी म्हणाल्या, 'मग गान्यात कशाला सांगतायसा? सरळ सांगा की!'

ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. आजी उतरेनात. शेवटी गुरुजींनी शपथेवर सांगितलं की तिकीट आहे तेवढंच आहे, तेव्हा कुठं त्या खाली आल्या.

अण्णा शब्दाचे पक्के. रात्री दहाला त्यांनी स्टोव्हला पंप मारला, कढई चढवली. चहा सगळ्यांना, ड्रायव्हर-कंडक्टरांना, आजींनाही. आजी बाकड्यावर बसून बशीतून चहा पीत म्हणाल्या, 'पर काय म्हंत्यात तरी काय त्या गान्यात?' मास्तरांनी एकेक ओळ मराठीत करून सांगितली. रेशनच्या रांगेची, साखरेतल्या भेसळीची, पावडरीच्या दुधाची. आणीबाणीचे दिवस होते ते. आजींनी बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, 'बरं झालं बाबा. कुनीतरी मोठ्यानं म्हनलं.'

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला पोस्टकार्ड आणायला पाठवलं. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. सगळा मजकूर हिंदीत. 'हमारे गाव की आजी को लगा की टिकट बढ गया' हे वाक्य माझं. आजीला हिंदीत काय म्हणतात ते दोघांनाही सुचेना, म्हणून आजीच ठेवलं. पत्र टाकलं आणि बुधवारची वाट बघत बसलो.

आमचं पत्र काही आलं नाही. हजारोंनी पत्रं तिथं, कुणाकुणाचं वाचणार? पण श्रोतेहो, मास्तर दर बुधवारी कात्री खाली ठेवून बसायचे, आणि नऊ वाजले की म्हणायचे, 'फुडच्या बुधवारी.' रागानं कधीच नाही. ज्याला पत्र टाकलंय त्याच्यापर्यंत ते पोचलंय, ह्याची त्यांना खात्री होती. अमीनभाई बोलायचेच तसे. आपण सांगितलेलं त्यांनी ऐकलंय, असं वाटायचं.

पुढं नाव बदलून सिबाका गीतमाला झाली, ऐंशीचं दशक संपता संपता ती विविध भारतीवर आली, १९९४ पर्यंत चालली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तोवर आमचे मास्तर राहिले नव्हते.

२० फेब्रुवारीला बातमी ऐकल्यावर मी मास्तरांच्या मुलाला फोन लावला. दुकान तोच चालवतो. आता शिवायला फारसं कुणी येत नाही, तयार कपडे आखूड करणं आणि चेन बसवणं एवढंच. थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, 'आप्पा असते तर आज तुला पोस्टकार्ड आणायला लावलं असतं.'

वेळ होत आली. जाता जाता ते गाणं ऐकवतो. शब्द वर्मा मलिक यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आवाज लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानी बाबू कव्वाल यांचे. हल्ली गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर निवेदक बोलत सुटतात, मुखडा येईपर्यंत थांबत नाहीत. वाजवणाऱ्यांनी ते मन लावून वाजवलेलं असतं हो! तर मी मधे बोलणार नाही. गाणं लांब आहे. गॅसवर दूध असेल तर बघून या, मी थांबतो.

आलात? मग बहनों और भाइयों, ऐका.