मुंडगोडची प्रदक्षिणा

नमस्कार, श्रोतेहो. थंडी पडली की आपल्याकडे स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात. त्यांच्याशी आपली ओळख बहुधा घासाघीस करण्यापुरतीच. पण त्यांच्या लोकांची एक मोठी वसाहत आपल्याच बाजूला आहे, कर्नाटकात, उत्तर कन्नड म्हणजे कारवार जिल्ह्यातल्या मुंडगोडला. हुबळीवरून तडस, तडसवरून मुंडगोड. ‘लामा कॅम्प’ म्हटलं की कुणीही वाट दाखवतं.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या लोकांना तेव्हाच्या म्हैसूर सरकारनं इथली जंगलाची जमीन दिली आणि १९६६ मध्ये वसाहत सुरू झाली. थंड पठारावरची ही माणसं आपल्या उन्हात राबून मका पिकवायला शिकली. तिबेटातले १४०९ सालचं गांदेन आणि १४१६ सालचं द्रेपुंग, हे दोन्ही मठ इथं नव्यानं उभे राहिले.

बहुतेक जण मठांची सोनेरी छपरं बघून परततात. मला विचाराल तर सकाळी लवकर पोचावं आणि तिथली म्हातारी माणसं बघावीत. हातात १०८ मण्यांची माळ, ओठांवर ‘ओम मणि पद्मे हुम्’, आणि मंदिर उजव्या हाताला ठेवून संथ प्रदक्षिणा. ते तिला कोरा म्हणतात. वाटेतली मणिचक्रं उजव्या हातानं फिरवत पुढं जायचं. चक्राच्या आत मंत्र छापलेल्या कागदाची घट्ट गुंडाळी असते, म्हणून एक फेरा झाला की आतला सगळा जप झाला असं मानतात. यात फार गंभीरपणा नसतो हं! दोघी आज्या मध्येच थांबून गप्पा मारतात. सुनांबद्दल असाव्यात, असा आपला माझा अंदाज. दिंडीत चाललेल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही.

तरुण भिक्षूंचा वाद चाललेला असेल तर तोही ऐका. उत्तर देणारा खाली बसलेला, प्रश्न विचारणारा उभा. प्रश्न टाकताना तो पाय आपटून अशी टाळी वाजवतो की भांडण जुंपलंय असंच वाटावं. चाललेला असतो तो तर्कशास्त्राचा अभ्यास.

तर जाऊन या. गाभाऱ्यात जाताना चपला बाहेर, आणि कुणाचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा. बरोबर परदेशी पाहुणा असेल तर त्याचा परवाना मात्र आधीच काढावा लागतो; आपल्याला तशी गरज नाही.