उटीत जमलेल्या वीस जणी

(दृश्य : कोल्हापूर, सकाळ. शाळेच्या फाटकातून आत शिरणाऱ्या मुली.)

निवेदन :
कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की आधी आठवतं वायल्डर मेमोरियल चर्च. 1852 साली रॉयल वायल्डर इथं आले आणि अमेरिकन मिशनचं काम सुरू झालं. ही परंपरा प्रॉटेस्टंट. तिच्यात आजन्म व्रत घेतलेल्या सिस्टर नाहीत. कॉन्व्हेंट शाळा चालवतात त्या सिस्टर कॅथलिक. त्यातली प्रत्येक जण कुठल्या तरी धर्मसंघाची असते, आणि असा प्रत्येक संघ कधी तरी कुणी तरी काढलेला असतो. फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी हा संघ तर भारतातच निघाला, निलगिरीत, उटीला.

(दृश्य : फ्रान्सचा नकाशा, नान्त शहर.)

तो काढणाऱ्या एलेन द शाप्पोतँ. जन्म 21 मे 1839, नान्तच्या खानदानी घराण्यात. विशीत त्या संत क्लेअरच्या मठात गेल्या, पण तब्येत ढासळली आणि परत यावं लागलं. 1864 मध्ये तूलूझला मारी रेपाराट्रिस संघात प्रवेश मिळाला आणि नवं नाव मिळालं : मेरी ऑफ द पॅशन.

पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी मदुराईला झाली. तेव्हा त्या नोव्हिस होत्या, म्हणजे व्रतंही झालेली नव्हती. तिथल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना सिस्टर हव्या होत्या, कारण बायकांच्या माजघरात पाद्र्याला प्रवेश नसे. मे 1866 मध्ये इथंच व्रतं झाली आणि जुलै 1867 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या तीन मठांच्या प्रांतप्रमुख झाल्या. इतक्या लवकर इतका अधिकार हाती आला की तक्रारीही लवकर येतात.

1874 मध्ये उटीला नवं घर उघडलं. ते कोइमतूरच्या बिशपांच्या हद्दीत होतं. तिथं जेझुइटांचं नव्हे, पॅरिसच्या मिशन सोसायटीचं काम चाले. हा तपशील पुढं कामी आला. मदुराईकडच्या मठांतले मतभेद विकोपाला गेले आणि 1876 मध्ये वीस जणींनी संघ सोडला. मेरी त्यांच्यातल्याच एक. सगळ्या उटीत जमल्या, कोइमतूरचे बिशप जोसेफ बार्दू यांच्या आश्रयाला.

आता अडचण समजून घेऊ. सिस्टरचं व्रत ठरावीक संघाच्या नियमावलीप्रमाणे आणि तिथल्या वरिष्ठांच्या हाती घेतलेलं असतं. संघ सुटला की आज्ञा कुणाची पाळायची, नव्या मुली कुणाच्या नावानं घ्यायच्या, घर कुणाचं, सगळंच लोंबकळतं. बिशपांनी आसरा दिला तरी तेवढ्यानं संघ होत नाही. म्हणून नोव्हेंबर 1876 मध्ये मेरी रोमला गेल्या. 6 जानेवारी 1877 ला पोप नववे पायस यांनी नव्या संघाला परवानगी दिली. नाव ठरलं मिशनरीज ऑफ मेरी.

परवानगी मिळाली, पण माणसं हवीत. रोमच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये सँ-ब्रिय इथं नोव्हिशिएट, म्हणजे नवागतांचं प्रशिक्षणगृह, काढलं. आजचा चर्चचा कायदा याबाबत काटेकोर आहे. सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिस होता येत नाही. नोव्हिशिएटचे बारा महिने त्या घरातच काढायचे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर ती भरून काढायची, तीन महिन्यांच्या वर गेली तर सगळं बाद. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षं. आजन्म व्रतं त्यानंतर, तीही एकवीस वर्षं पूर्ण असतील तरच.

(दृश्य : रोम, आराचेली चर्चच्या पायऱ्या.)

4 ऑक्टोबर 1882 ला, संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, मेरी आराचेली चर्चमध्ये फ्रान्सिस्कनांच्या तिसऱ्या शाखेत दाखल झाल्या. संघाच्या नावातलं 'फ्रान्सिस्कन' इथून आलं. त्यानंतर पाचच महिन्यांत, मार्च 1883 मध्ये, त्यांना संघप्रमुखपदावरून दूर केलं गेलं. पोप तेरावे लिओ यांनी चौकशी लावली, त्या निर्दोष ठरल्या आणि जुलै 1884 मध्ये सिस्टरांनी त्यांनाच पुन्हा निवडलं. संस्थापिकेला तिच्याच संघातून बाजूला सारल्याची उदाहरणं चर्चच्या इतिहासात बरीच आहेत. पुन्हा निवडून आल्याची कमी.

कागदपत्रांचा प्रवास अजून बाकी होता. ऑगस्ट 1885 मध्ये रोमचा प्रशस्तिपत्राचा हुकूम आला. 1890 मध्ये नियमावली प्रायोगिक म्हणून मंजूर झाली, 11 मे 1896 ला कायमची. पहिल्या परवानगीपासून एकोणीस वर्षं.

आज कोल्हापुरात कुणी नवा संघ काढायचा म्हटलं तर पहिली सही सावंतवाडीहून, तिथल्या बिशपांची, आणावी लागेल. 2005 मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूर येतं. शिवाय नोव्हेंबर 2020 पासून नियम बदललाय. बिशपांना आधी रोमची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर त्यांनी दिलेली मान्यता बाद. उटीसारखा प्रकार, आधी जमायचं आणि मग रोम गाठायचं, आजही करता येईल, पण बिशपांना एकट्यानं काही देता येणार नाही.

मेरी 15 नोव्हेंबर 1904 ला इटलीत सान रेमो इथं वारल्या. तेव्हा चार खंडांत 86 घरं होती आणि सिस्टरांची संख्या दोन हजारांवर. त्यांच्या हयातीतच, 9 जुलै 1900 ला, चीनमधल्या ताइयुआन इथं संघाच्या सात सिस्टर मारल्या गेल्या होत्या. त्या सातही जणींना 2000 मध्ये संत घोषित केलं. मेरी 2002 पासून 'धन्य' या, संतपदाच्या आधीच्या, पायरीवर आहेत. संतपदासाठी त्यांच्या नावे आणखी एक चमत्कार रोमनं मान्य करावा लागेल.