चुंबकाला चिकटलेला खडा

(शालेय विज्ञान शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

तो प्रयोग आपण सगळ्यांनीच केलाय. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड कागदावर कालवायची. वरून चुंबक फिरवला की कीस उडी मारून वर येतो, पिवळी पूड खाली राहते. हे झालं मिश्रण. मग तेच परीक्षानळीत भरून तापवायचं. गंधक वितळून तपकिरी होतं, तळाशी एक लाल ठिपका उमटतो, आणि बर्नर बाजूला घेतला तरी तो निखारा आपला आपण नळीभर सरकत जातो. मुलं श्वास रोखून बघतात. नळी निवली की फोडायची, आतला करडा-काळा खडा काढायचा आणि ठसक्यात सांगायचं, हे लोह सल्फाइड, हे संयुग, याला चुंबक ओढत नाही.

माझ्या वर्गात ओढला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, चिकटतंय की!" मी काय केलं? खडा खिशात टाकला आणि फळ्यावर व्याख्या लिहून दिली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी हेच केलं असेल. हसताय म्हणजे केलंय.

चूक साधी होती. मी दोन्ही चिमटीने घेतलं होतं, तोललं नव्हतं. लोहाचं अणुवस्तुमान ५६, गंधकाचं ३२. म्हणजे ७ ग्रॅम लोखंडाला ४ ग्रॅम गंधक लागतं. तुम्ही १० ग्रॅम कीस घातलात तर गंधक सातच ग्रॅमांना जवळ करणार, उरलेलं ३ ग्रॅम लोखंड त्या खड्यात तसंच अडकून बसणार. त्यात तापवताना थोडं गंधक उडून जातं, जळून जातं, म्हणजे लोखंड आणखीच उरतं. माझ्या खिशातला खडा खोटं बोलत नव्हता. तो एक मूलद्रव्य आणि एक संयुग यांचं मिश्रण होता. अख्खा धडा त्या खड्यात होता आणि मी तो लपवला.

आता आपली व्याख्या बघा. मिश्रणातले घटक आपापले गुणधर्म राखतात आणि साध्या भौतिक पद्धतीने वेगळे करता येतात. ठीक आहे. मग पितळेचं काय करायचं? तांबं तांबूस, जस्त निळसर पांढरं आणि पितळ पिवळंधमक. चाळा, गाळा, चुंबक लावा, काही सुटत नाही. व्याख्या इमानाने पाळणारं पोर पितळेला संयुगच म्हणणार, आणि आपण त्याचा गुण कापणार! खरं तर पितळेत तांब्याची खोड गेलेली नसते. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवा, कळकलंच म्हणून समजा. पण हे काही वर्गात सहज पटवता येत नाही.

पटतं ते प्रमाण. पितळेत जस्त किती घालायचं हे ओतणारा ठरवतो. कमी घाला, रंग लालसर. वाढवा, पिवळा होत जातो. दोन्ही पितळच. सोनाराकडचा दागिना घ्या. त्यावर ९१६ असा शिक्का असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. बावीस कॅरेट म्हणतात ते हेच. शिक्का मारावा लागतो, कारण सोनं ७५० सुद्धा असू शकतं. पाण्यावर असा शिक्का कधी बघितलाय? कृष्णेचं असो की आडातलं, त्यातली माती-क्षार काढून शुद्ध केलंत की हजार ग्रॅम पाण्यात ऑक्सिजन ८८८ ग्रॅमच. तिथे कुणाची मर्जी चालत नाही.

संयुगात प्रमाण पक्कं असतं, हे ठरायला भांडण व्हावं लागलं, आणि ते आपण शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. जोसेफ प्रूस्त हा फ्रेंच रसायनज्ञ स्पेनमध्ये काम करायचा. १७९९च्या सुमारास त्याने दाखवलं की खाणीतलं कॉपर कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत केलेलं, दोन्हींत प्रमाण तेच. बेर्तोले हा दुसरा फ्रेंच रसायनज्ञ म्हणाला, छे, प्रमाण बदलू शकतं. पुरावा म्हणून त्याने काय पुढे केलं? संमिश्रं, काच, द्रावणं! म्हणजे आपला पितळवाला विद्यार्थीच. प्रूस्तचं उत्तर असं, की तू म्हणतोस ती संयुगं नव्हेतच, मिश्रणं आहेत. काही वर्षं चाललेला हा वाद प्रूस्तच्या बाजूने सुटला, आणि १८०८मध्ये डाल्टनच्या अणुसिद्धांताने त्याला पाया दिला.

गंमत पुढेच आहे. आपलं लोह सल्फाइड पुरतं प्रूस्तच्या शिस्तीतलं नाही. निसर्गात सापडणाऱ्या पायऱ्होटाइट नावाच्या लोह सल्फाइडात लोह गंधकापेक्षा जरा कमी भरतं, किती कमी ते नमुन्यागणिक बदलतं, आणि त्याचे कितीतरी नमुने चुंबकाला चिकटतात. अशा संयुगांना पुढे बेर्तोलेचंच नाव मिळालं. आठवीत हे सांगू नका. तुम्हाला मात्र माहीत असू द्या.

वर्गात तराजू न्या. ७ आणि ४, वर चिमूटभर गंधक जादा. खलात चांगलं घोटा, खिडक्या उघड्या ठेवा. मग मुद्दाम दुसऱ्या नळीत १० आणि ४ घ्या. दोन्ही खडे मुलांच्या हातात द्या, चुंबकही त्यांच्याच हातात द्या, आणि "चिकटतंय की" असं कुणी म्हणेपर्यंत गप्प उभे राहा.