विचारल्याशिवाय वेळ न सांगणारं घड्याळ

(काळा पडदा. बटणाचा बारीक 'टक्' आवाज. लाल आकडे उमटतात, पण तुटक.)

पडद्यावर तुम्हाला आत्ता अर्धामुर्धाच आकडा दिसतोय. घड्याळ बिघडलेलं नाही आणि तुमच्या मोबाइललाही काही झालेलं नाही. आपल्या डोळ्यांना जे कळत नाही, ते कॅमेऱ्यानं पकडलंय, एवढंच.

या मनगटी घड्याळाचे आकडे एलईडीचे, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या बारीक दिव्यांचे. चारही आकडे एकाच वेळी कधीच पेटलेले नसतात. आतली चिप पहिला आकडा पेटवते, विझवते, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि पुन्हा पहिला. ही फेरी इतक्या झपाट्यानं होते, की डोळ्याला चारही एकदम दिसतात. हा उद्योग कशाला? तर तारा वाचवायला. एका आकड्यात सात रेघा, चार आकड्यांच्या अठ्ठावीस. प्रत्येक रेघेला वेगळी तार द्यायची तर अठ्ठावीस तारा लागतील. पाळीपाळीनं पेटवलं की सात आणि चार, अकरांत भागतं.

कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं, तर एखादाच आकडा सापडतो. तिसाव्या भागावर आणलं, की हे बघा.

(आकडे स्थिर होतात : २०:०८.)

कॅमेरा नसला तरी चालेल. अंधारात बटण दाबा आणि मनगट जोरात हलवा. आकडे हवेत विखुरलेले दिसतील.

(घड्याळ टेबलावर. रबरी पट्टा, आरशासारखी काळी काच, उजवीकडे एकच बटण.)

घड्याळ म्हणावं असं यात बाहेरून काहीच नाही. तबकडी नाही, काटे नाहीत, टिकटिक नाही. बटण दाबलं की चार सेकंद वेळ, परत दाबलं की तारीख, आणखी एकदा दाबलं की सेकंद. दाबून धरलं की वेळ लावायची. सगळा कारभार त्या एका बटणावर. ते लक्षात ठेवा, त्याच्याशी माझं पुढे वाजणार आहे.

आज हा प्रकार स्वस्तातला स्वस्त आहे. सुरुवात मात्र सोन्यात झाली होती. १९७२ साली हॅमिल्टन कंपनीचं 'पल्सर' बाजारात आलं, ते अठरा कॅरेट सोन्याचं, किंमत २,१०० डॉलर. तेही बटण दाबल्यावरच वेळ सांगायचं. चारच वर्षांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची प्लास्टिकची एलईडी घड्याळं दहा डॉलरवर आली. तोवर एलसीडी आलं होतं. ते स्वतः उजेड पाडत नाही, आजूबाजूच्या उजेडावर भागवतं, म्हणून चोवीस तास चालू ठेवलं तरी सेल महिनोन्महिने पुरतो. लोकांनी बघितलं, की वेळ बघायला दुसरा हात लागत नाही. लाल आकड्यांचा थाट तिथेच उतरला.

(मागचं झाकण उघडलेलं. क्लोज-अप.)

आत आहे काय? नखाएवढा सर्किट बोर्ड. त्यावर काळ्या डांबराच्या थेंबासारखं जे दिसतंय, त्याखाली चिप आहे. हा चपटा सेल, सीआर २०१६. आणि कडेला तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चंदेरी नळी. तिच्यात क्वार्ट्‌झचा स्फटिक आहे, चिमट्यासारखा दोन टोकांचा. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा कुणी लहर लागली म्हणून निवडलेला नाही. त्याचे निम्मे करा, परत निम्मे, असं पंधरा वेळा केलं की उरतो एक. तोच आपला एक सेकंद.

गंमत अशी, की महागड्या क्वार्ट्‌झ घड्याळांतही बहुतेक वेळा असाच स्फटिक असतो, याच आकड्यानं थरथरणारा. मग स्वस्त घड्याळ वेळ चुकवतं, हे खरं का? तेच तपासायचं ठरवलं.

(मोबाइल आणि घड्याळ शेजारी शेजारी, एकाच चौकटीत.)

मोबाइलची वेळ इंटरनेटवरून जुळवलेली. दोन्ही एकाच चौकटीत ठेवून रोज रात्री मिनिट बदलतानाचा व्हिडिओ घ्यायचा आणि कोण किती पुढे ते मोजायचं. ऐकायला सोपं. पण हे घड्याळ चार सेकंदांनी झोपतं. लवकर दाबलं तर मिनिट बदलण्याआधीच काळोख, उशिरा दाबलं तर नवं मिनिट आधीच येऊन बसलेलं. पहिले दोन दिवस मी टेबलाशी वाकून श्वास रोखून बसलेलो असायचो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन विचारायचं, "किती वाजले रे?"

नवव्या दिवशी सकाळी घड्याळ तीन तास पुढे. स्फटिकाला खुळ लागलं, असं वाटावं इतकं. महिन्याचा आकडा लुकलुकत होता. मग उलगडा झाला. झोपेत हात उशीखाली गेला होता, बटण दाबलं गेलं आणि घड्याळानं इमानेइतबारे माझ्या उशीकडून वेळ लावून घेतली. आठ रात्रींच्या नोंदी गेल्या. पुन्हा शून्यापासून.

(वहीचं पान. पेन्सिलीतले आकडे, एक ओळ खोडलेली.)

दुसऱ्या खेपेला तीस दिवस पुरे झाले. घड्याळ अठरा सेकंद पुढे. दिवसाला सेकंदापेक्षा कमी! साध्या क्वार्ट्‌झ घड्याळानं महिन्याला पंधरा ते तीस सेकंदांचा फरक दाखवला तर कुणी तक्रार करत नाही. या पठ्ठ्यानं ते सहज सांभाळलं.

मग मी ते फ्रिजमध्ये ठेवलं. हसू नका, कारण आहे. या स्फटिकाला पंचवीस अंशांच्या आसपासचं हवामान मानवतं. त्याहून गारठा पडो की उकाडा होवो, दोन्हीकडे तो मंदावतोच. घट्ट बंद होणारी पिशवी, ओल धरू नये म्हणून आत सिलिका जेलची पुडी, आणि मुक्काम तीन दिवस. एरवी तीन दिवसांत ते दोनेक सेकंद पुढे पळालं असतं. बाहेर काढलं तेव्हा उलट दोन सेकंद मागे पडलं होतं. मनगटाची ऊब घड्याळाच्या कामी येते ती अशी. रोज हातात असणारं घड्याळ कपाटातल्या घड्याळापेक्षा बहुधा कमी भरकटतं, ते काही प्रेमापोटी नव्हे.

(मल्टीमीटर. सेल आणि पत्रीच्या मध्ये प्लास्टिकची चकती, दोन्ही बाजूंना तारा.)

आता सेलकडे वळू. विजेची वाट तोडून मध्ये प्रवाह मोजणारा मल्टीमीटर घातलाय; मिलिॲम्पिअर हे त्या प्रवाहाचं माप. आकडे विझलेले असताना काटकसर अशी, की मीटरचा मिलिॲम्पिअरचा आकडा हलतसुद्धा नाही. बटण दाबतो. अकरा वाजून अकरा मिनिटं : चार मिलिॲम्पिअर. रात्री आठ वाजून आठ मिनिटं, म्हणजे वीस-शून्य-आठ : जवळजवळ बारा. एकाच घड्याळात तिप्पट फरक! रेघा मोजा म्हणजे कळेल. चार एक्के म्हणजे आठ रेघा. दोन, शून्य, शून्य, आठ म्हणजे चोवीस. या घड्याळाला रात्रीचे आठ खरोखरच महाग पडतात.

सरासरी आठ मिलिॲम्पिअर धरा, दिवसातून पन्नास वेळा बघणं, दर वेळी चार सेकंद. अशा सेलची ताकद साधारण नव्वद मिलिॲम्पिअर-तास. कागदावर हिशेब दोनशे दिवसांच्या घरात जातो. कागदाला उशी नसते, शर्टाची बाही नसते, आणि घड्याळाबरोबर आलेला सेल आधी किती काळ पडून होता तेही कागदाला ठाऊक नसतं.

उन्हाची चाचणी आटोपती घेतो, कारण निकाल लगेच लागतो. भर उन्हात आकडे दिसत नाहीत. दुसऱ्या हाताची सावली करावी, तर तोच हात बटणावर. 'पल्सर'मध्ये उजेड बघून आकडे प्रखर करणारा सेन्सर होता. इथे तो खर्च कोण करणार? अंधारात मात्र याला तोड नाही. सिनेमागृहात बटण दाबून बघा, पुढची रांगसुद्धा वळून बघेल.

पाण्याबद्दल एवढंच, की झाकणाच्या कडेला रबराचं कडं नाही. झाकणावर काहीही छापलेलं असो, हात धुताना उडालेल्या शिंतोड्यांनी काचेखाली वाफ धरली. सेल काढून दोन दिवस सुकवल्यावर ती गेली.

आणि एक गोष्ट गमतीत नको. ही घड्याळं मुलांच्या हातात जास्त जातात. असा चपटा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. झाकण स्क्रूनं बसवलेलं असेल तरच ते मुलाला द्या. नखानं उघडणारं झाकण असेल तर घेऊच नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

(अंधारी खोली. मनगटावर घड्याळ.)

बावन्नावा दिवस. आकडे आठवडाभर फिके होत चालले होते. बटणही दोनदा दाबावं लागायचं, एकदा दाबून त्याला पटेनासं झालं होतं. आत स्फटिक अजून बिनचूक थरथरत होता, त्याला वीज लागते ती चिमूटभर. खर्च आहे तो आकडे पेटवायचा. मी बटण दाबलं. आकड्यांनी एकदम वीज ओढली, सेलचा विजेचा दाब खाली बसला आणि चिप क्षणभर बंद पडून नव्यानं चालू झाली.

(आकडे उमटतात : १२:००. विझतात.)

बटण दाबण्याआधी घड्याळाला वेळ माहीत होती. मी विचारली आणि ते विसरलं.

नवा सेल घातला. स्क्रू बसवले. मोबाइलवर मिनिट बदलायची वाट बघत, बटण दाबून धरलं.